फ्रॉइडला आज क्रांतिकारक का म्हणायचं?

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या अभ्यासक्रमात सिग्मंड फ्रॉइड, म्हणजे पेशंटला बोलतं करून मनात दडलेलं शोधणाऱ्या मनोविश्लेषणाचा जनक, येतो तो इड-इगो-सुपरइगो हे मनाचे तीन भाग आणि मुलाच्या लैंगिक विकासाच्या पाच अवस्था एवढ्यापुरता. लगेच पुढच्या तासाला सांगितलं जातं की त्याचं शास्त्र कच्चं होतं, बायकांबद्दलचे विचार मागासलेले होते आणि आता काळ सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचाराचा आहे. मग काही जण त्याला मूलगामी, क्रांतिकारक विचारवंत म्हणतात ते कशाच्या जोरावर? आणि वाचायचाच झाला तर सुरुवात कुठून करायची?

तुमच्या वर्गात जे सांगतात त्यातलं बरंचसं खरं आहे, हे आधी मान्य करतो. प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्तीच असते, हे टिकलेलं नाही. इडिपस गंड, म्हणजे आईची ओढ आणि बापाशी चढाओढ, जगातल्या प्रत्येक मुलाला असतो, याला पुरावा नाही. त्या पाच अवस्था आज कोणताही जाणता मानसोपचारतज्ज्ञ जशाच्या तशा वापरत नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेपही वजनदार आहे: जो सिद्धांत कुठल्याही घटनेने खोटा ठरू शकत नाही, त्याला विज्ञान कसं म्हणायचं? पण परीक्षेला येतो तो फ्रॉइड म्हणजे त्याने काढलेली उत्तरं. त्याने उलटवलं काय, हे कळायला त्याच्या आधीचं चित्र पाहावं लागतं, आणि ते चित्र अभ्यासक्रमात कुठेच नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या मनोरोगशास्त्रावर ऱ्हासाच्या सिद्धांताचा पगडा होता. फ्रान्सच्या मोरेल या मनोरोगतज्ज्ञाने १८५७ मध्ये तो मांडला. एखाद्या घराण्याचं रक्त बिघडलं की पहिल्या पिढीत चिडखोरपणा आणि व्यसनं, दुसरीत फेफरं आणि हिस्टेरिया (शरीरात कारण सापडत नाही असे झटके, लुळेपणा), तिसरीत वेड, शेवटी मतिमंदत्व आणि निर्वंश, अशी ती उतरंड. म्हणजे मनोरुग्ण ही माणसांची वेगळीच जात ठरली. समलिंगी, गुन्हेगार, दारुडे, वेश्या सगळे त्यात आले. ज्यू तर आलेच. त्यांच्यात मज्जाविकार उपजतच जास्त असतात, असं मोठेमोठे डॉक्टर बिनदिक्कत लिहीत होते. पॅरिसचा मज्जाविकारतज्ज्ञ शार्को, ज्याच्याकडे फ्रॉइड १८८५-८६ च्या हिवाळ्यात शिकला, तोही हिस्टेरियाचं मूळ आनुवंशिकतेतच शोधत होता.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. स्थळ बघताना 'घराण्यात कोणी वेडं नाही ना?' ही चौकशी आजही होते. मुलीची गोळ्यांची पाकिटं सासरी कळू नयेत म्हणून आई-बाप जिवाचं रान करतात. मोरेलचं नाव इथे कुणी ऐकलेलं नाही, पण त्याचा सिद्धांत आपल्या घराघरांत मुक्कामाला आहे.

फ्रॉइडने घाव घातला तो याच समजुतीवर. १९०१ मध्ये त्याने रोजच्या जगण्यातल्या विसराळूपणावर आणि बोलण्यातल्या चुकांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो स्पष्ट म्हणतो की मज्जाविकारांत निरोगी आणि रोगी यांच्यातली सीमा पक्की नसते आणि आपण सगळेच थोडेफार विकारग्रस्त असतो. आज हे वाक्य गुळगुळीत वाटेल. पण ज्या व्हिएन्नात तो हे लिहीत होता, तिथे वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर आणि पेशंट यांच्या रक्तातच फरक असतो असं मानलं जात होतं. स्वप्नांवरच्या पुस्तकात, जे १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर पडलं पण ज्यावर साल १९०० छापलं, तो सर्वांत जास्त चिरफाड करतो ती स्वतःच्या स्वप्नांची: स्वतःची हाव, मत्सर, सहकाऱ्यांबद्दलचा आकस. डॉक्टरने स्वतःलाच पुरावा म्हणून टेबलावर ठेवणं त्या काळाच्या वैद्यकाला झेपणारं नव्हतं. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली.

माझ्या मते फ्रॉइडचा मूलगामीपणा या एकाच गोष्टीत आहे: विकार झालेल्या माणसांची वेगळी जमात नसते. लैंगिकतेबद्दलची त्याची मतं, युद्धातल्या सैनिकांबद्दलची भूमिका, गरिबांसाठीचे दवाखाने हे सगळं यातूनच निघतं.

उपचाराची पद्धतही त्यातूनच आली. १८८९ मध्ये त्याच्याकडे एक श्रीमंत विधवा आली. 'स्टडीज ऑन हिस्टेरिया' या पुस्तकात तिचं नाव एमी फॉन एन. आहे. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, चेहरा भीतीने वेडावाकडा व्हायचा, बोटं ताणली जायची आणि ती ओरडायची, 'थांबा! बोलू नका! हात लावू नका मला!' आणि क्षणात पुन्हा शांतपणे बोलायला लागायची. फ्रॉइड तेव्हा संमोहन, मालिश, गरम पाण्याची अंघोळ असे रूढ उपाय करत होता. त्यातच तो प्रत्येक लक्षणामागे लागायचा: हे कुठून आलं, ते कधी सुरू झालं. एक दिवस ती वैतागून म्हणाली की हे सारखं विचारणं थांबवा आणि मला काय सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइड गप्प बसला. त्याने हे नोंदवून ठेवलं आणि पुढे छापलंही.

शार्कोच्या सालपेट्रिएर इस्पितळात हिस्टेरियाच्या बायकांना भरसभेत उभं करत, झटका आणवत आणि त्याचे फोटो काढत. त्यांचं शरीर सगळे बघायचे, त्यांचं म्हणणं ऐकायची पद्धत नव्हती. तिथून आलेल्या माणसाने तीन-चार वर्षांत पेशंट बाईचं ऐकून आपली पद्धत बदलायला घेतली, हे मला त्याच्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा मोठं वाटतं. बोलण्याने होणारा उपचार हे नावसुद्धा पेशंटनेच दिलेलं आहे. फ्रॉइडचा ज्येष्ठ सहकारी डॉक्टर ब्रॉयर याच्याकडे आलेल्या, त्याच पुस्तकात ॲना ओ. म्हटलेल्या बर्था पापेनहाइमने. ती पुढे जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या चळवळीची संस्थापक झाली आणि मुलींच्या खरेदी-विक्रीविरुद्ध आयुष्यभर लढली. 'बिघडलेल्या रक्ताची' म्हणून तिला निकालात काढलं असतं तर काय गमावलं असतं, बघा.

लैंगिकतेबद्दल बोलू, कारण फ्रॉइड म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. १९०५ च्या तीन निबंधांत तो पहिल्याच निबंधात समलिंगी आकर्षणाला हात घालतो आणि ते ऱ्हासाचं लक्षण आहे हा दावा खोडून काढतो. १९१५ मध्ये त्याने त्याच पुस्तकात एक तळटीप वाढवली. समलिंगी माणसांना वेगळ्या प्रकारची माणसं म्हणून बाजूला काढण्याला मनोविश्लेषणाचा ठाम विरोध आहे, असं ती सांगते. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो: पुरुषाला फक्त बाईबद्दलच आकर्षण का वाटावं, हेही आपोआप समजण्यासारखं नाही, त्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागेल. जे 'नैसर्गिक' म्हणून कुणी तपासतच नव्हतं, तेही त्याने तपासायला घेतलं. १९३५ मध्ये एका अमेरिकन आईने मुलाबद्दल पत्र लिहिलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा दुर्गुण नाही, अधःपतन नाही आणि याला आजारही म्हणता येणार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला तिथवर यायला १९७३ उजाडलं. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा, आणि 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवणारं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पत्र २०२२ चं. तरीही मुलाला घेऊन आलेले आई-वडील अजून विचारतातच, 'डॉक्टर, हा नीट होईल ना?' अशा वेळी मी फ्रॉइडच्या त्या पत्राचा मजकूर त्यांना मराठीत सांगतो. ज्यांना माझं पटत नाही, त्यांना ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरचं पटतं, असा अनुभव आहे.

याच्या अगदी उलट वागलेले मनोविश्लेषकही होते. फ्रॉइड गेल्यानंतर अमेरिकेत बर्गलर, सोकारिडिस यांच्यासारख्यांनी समलिंगींना 'बरं' करण्याचा धंदा मनोविश्लेषणाच्याच नावाने चालवला. वर्गात फ्रॉइडवर जे दोष टाकले जातात, त्यातले काही या लोकांचे आहेत. ते त्यांच्याच खात्यावर टाका.

युद्धाचं प्रकरण कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक थरथरत, मुके होऊन, लुळे पडून परत आले. शरीरात जखम नाही, मग हे सोंग आहे असं धरून ऑस्ट्रियाच्या लष्करी इस्पितळांत त्यांना विजेचे झटके देत. झटका इतका असह्य की माणसाला त्यापेक्षा आघाडी बरी वाटावी, हा त्यातला हिशेब. युद्ध संपल्यावर याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आरोप होता व्हिएन्नाच्या मनोरोग विभागाचा प्रमुख वॅग्नर-याउरेग याच्यावर. त्याला १९२७ मध्ये नोबेल मिळालं. आयोगाने १९२० मध्ये फ्रॉइडचं मत मागवलं. वॅग्नर-याउरेग त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा ओळखीचा, आणि फ्रॉइडने त्याच्यावर व्यक्तिशः क्रौर्याचा आरोप केला नाही. पण मुद्दा सोडला नाही. तो म्हणाला, यातले बहुतेक सैनिक सोंग करत नव्हते. मरणाची भीती, दुसऱ्याला मारण्याचा तिटकारा, वरिष्ठांच्या अरेरावीविरुद्धचा संताप हे सगळं त्यांच्या मनात होतं आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. आणि डॉक्टरांना काय काम दिलं गेलं होतं? आघाडीच्या मागे मशीनगन लावून पळणाऱ्यांना परत पुढे ढकलण्याचं. पेशंटचं हित बघणारा डॉक्टर आणि सरकारचा हुकूम पाळणारा डॉक्टर एकाच माणसात मावत नाहीत, हे त्याने हरलेल्या साम्राज्याच्या राजधानीत, आपल्याच व्यवसायातल्या बड्या लोकांसमोर सांगितलं. बैठकीत त्याच्यावर सगळे तुटून पडले.

आता गरिबांचं. फ्रॉइड म्हणजे श्रीमंत बायकांचा कोच, हे चित्र तुमच्याही मनात असेल. सप्टेंबर १९१८ मध्ये, युद्ध अजून चालू असताना, बुडापेस्टच्या परिषदेत त्याने भाषण केलं. तो म्हणाला, कधी ना कधी समाजाची सद्सद्विवेकबुद्धी जागी होईल आणि कळेल की जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचारावर आहे. दारूत बुडणारे पुरुष, हालअपेष्टांखाली मोडून पडणाऱ्या बायका, ज्यांच्यापुढे एक तर उनाडपणा नाही तर विकार एवढेच रस्ते आहेत अशी मुलं, यांच्यासाठी मोफत दवाखाने निघतील. सरकारला उशीर लागेल, तोवर सुरुवात आपल्याला करावी लागेल. आणि गरिबाला नुसतं बोलणं पुरणार नाही, सोबत पैशाची मदतही लागेल, हेही तो बोलून गेला.

हे नुसतं भाषण राहिलं नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला पॉलिक्लिनिक सुरू झालं. फ्रॉइडचा सहकारी आयटिंगॉन याने पैसा घातला, आतली मांडणी फ्रॉइडच्या आर्किटेक्ट मुलाने केली. कारखान्यातले कामगार, मोलकरणी, कारकून, शिक्षक तिथे यायचे. ज्याला जमेल तेवढं त्याने द्यायचं, नाही जमलं तर नाही. १९२२ मध्ये व्हिएन्नात ॲम्ब्युलेटोरियम नावाचा तसाच दवाखाना निघाला. संस्थेच्या सभासदांनी काही पेशंट फुकट बघायचे, नाही तर दवाखान्याला तेवढे पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. व्हिएन्नात तेव्हा समाजवादी नगरपालिका कामगारांसाठी घरं आणि दवाखाने बांधत होती आणि बरेच तरुण विश्लेषक त्या राजकारणात उतरलेले होते. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी फ्रॉइडची पुस्तकं जाळली. बर्लिनची संस्था पुढे नाझी नेता हरमन गोरिंगच्या एका नातेवाइकाच्या ताब्यात गेली, १९३८ मध्ये व्हिएन्नाचं क्लिनिक बंद पडलं, विश्लेषक देशोधडीला लागले. बरेच जण अमेरिकेत पोहोचले, आणि तिथे परवाना, पदवी, फी यांच्या चौकटीत मनोविश्लेषण महागडं आणि सोवळं झालं. स्वतः फ्रॉइडने १९२६ मध्ये, डॉक्टर नसलेल्या थिओडोर राइकवर भोंदूगिरीचा खटला आला तेव्हा, मनोविश्लेषणाला वैद्यकीय पदवीची गरज नाही असं छोटं पुस्तकच लिहिलं होतं. त्याची मुलगी ॲना मुळात शाळामास्तरीण. पण अमेरिकेने ऐकलं नाही. आज आपल्या शहरांत एका सेशनची फी काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि एखाद्या तालुक्याच्या गावी कुणाला बोलण्याचा उपचार हवा असेल तर तो मिळतो का, हेही.

आपल्याकडचा धागा कलकत्त्यातून येतो. तिथले मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस कधीही व्हिएन्नाला गेले नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी दमनावरचा, म्हणजे नकोशा इच्छा मनात दडपण्यावरचा, आपला प्रबंध फ्रॉइडला धाडला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि १९३७ पर्यंत दोघांची पत्रं चालू राहिली. बोस शिष्यासारखे लिहीत नाहीत. माझ्या भारतीय पेशंटमध्ये लिंगच्छेदाची भीती तुम्ही म्हणता तशी दिसत नाही, उलट बाई होण्याची इच्छा फार सहज वर येते, असं ते बेधडक सांगतात. फ्रॉइडने तो फरक मान्य केला, पण आपला सिद्धांत त्यापायी बदलला नाही. याच बोसांनी १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोरुग्णांसाठी ओपीडी सुरू केली. साध्या इस्पितळात अशी ओपीडी देशात पहिलीच. वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड न जाता, ताप-खोकल्याच्या पेशंटसारखं रांगेत बसून मनाचा उपचार घ्यायचा! १९३८ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तशीच ओपीडी काढली. आज सरकारी रुग्णालयात १४ नंबरची खोली, २२ नंबरची खोली म्हणून जी मनोविकार ओपीडी असते, तिचा वंश हा असा आहे.

फ्रॉइड कुठे कमी पडला, तेही याच मापाने मोजायला हवं. त्याची एक पेशंट होती डोरा, म्हणजे इडा बाउअर. अठरा वर्षांच्या मुलीला बापाने १९०० मध्ये आणलं. बापाच्या मित्राने, जो तिच्या बापाच्या प्रेयसीचा नवरा होता, तिच्यावर लहानपणीच झडप घातली होती. बाप म्हणे ती कल्पना करते. फ्रॉइडने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि तेवढं करणारा तिच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच मोठा माणूस. पण तिथे थांबला नाही. तुला किळस वाटली याचा अर्थ तुला आतून तो हवा होता, असं तो तिच्या गळी उतरवत राहिला. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, ती निघून गेली ते योग्यच केलं. जो माणूस एमीचं ऐकून गप्प बसला, तो डोरासमोर गप्प बसला नाही. बायकांच्या लैंगिकतेबद्दल तो शेवटपर्यंत पुरुषाचं शरीर हेच माप धरून बोलला, आणि ते त्याला त्याच्या हयातीतच कॅरेन हॉर्नीने, जी बर्लिनच्या पॉलिक्लिनिकमधलीच विश्लेषक, तोंडावर सांगितलं. राजकारणातही तो धाडसी नव्हता. संस्था वाचावी म्हणून त्याने नाझींच्या काळात बर्लिनमध्ये तडजोडी होऊ दिल्या, आणि १९३४ मध्ये विल्हेल्म राइश या डाव्या विश्लेषकाला मनोविश्लेषकांच्या संघटनेबाहेर काढलं गेलं ते त्याच्या संमतीनेच. माणसाचे विचार त्याच्या धाडसापेक्षा पुढे गेलेले असू शकतात. फ्रॉइडच्या बाबतीत तसं झालं, असं मला वाटतं.

सीबीटीबद्दल एवढंच: ती चांगली पद्धत आहे, मी वापरतो. तिचा जनक ॲरन बेक मनोविश्लेषणातच तयार झाला होता. नैराश्यामागे स्वतःवर वळवलेला राग असतो, हा सिद्धांत तो पेशंटच्या स्वप्नांवर तपासायला गेला आणि तो सिद्धांत बसेना, तेव्हा त्याने वेगळी वाट काढली. दोघांना एकमेकांसमोर उभं करायची गरज नाही.

कुठून सुरू करायचं? 'स्टडीज ऑन हिस्टेरिया' (१८९५) मधली कॅथरिना या मुलीची हकीकत. फार तर दहा-बारा पानं. फ्रॉइड सुट्टीत डोंगर चढून जातो, वरच्या खानावळीतली मुलगी वाढायला येते आणि विचारते, 'तुम्ही डॉक्टर आहात का?' तिला दम कोंडल्यासारखं होतं, एक भेसूर चेहरा दिसतो. दोघं तिथेच बोलतात आणि हळूहळू उघड होतं की काकाने तिच्याशी काय करायचा प्रयत्न केला होता. १९२४ च्या आवृत्तीत फ्रॉइडने तळटीप घातली: तो काका नव्हता, बाप होता, आणि मी तो तपशील बदलायला नको होता. फ्रॉइडने मुलांवरचे अत्याचार झाकले असा आरोप तुम्ही वाचलाच असेल. त्याने १८९७ मध्ये प्रत्येक हिस्टेरियामागे अत्याचार असतोच हा दावा सोडला हे खरं, पण ही तळटीप वाचून मग त्या आरोपाचं काय करायचं ते ठरवा. त्यानंतर १९०९ ची क्लार्क विद्यापीठातली पाच व्याख्यानं, सगळ्यांत सोपी. मग १९२६ चं डॉक्टर नसलेल्यांच्या विश्लेषणावरचं पुस्तक, आणि १९१८ चं बुडापेस्टचं भाषण, जे खूप छोटं आहे. डोरा त्यानंतर वाचा, रागावून वाचा. 'टोटेम अँड टॅबू' घाईने हातात घेऊ नका. फ्रॉइडच्या लेखनाच्या स्ट्रेचीने केलेल्या इंग्रजी भाषांतराचे २४ खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात असायला हवेत. नसतील तर सुट्या आवृत्त्याही चालतील. बोस-फ्रॉइड पत्रव्यवहारही छापलेला आहे. ग्रंथपालांना तो मागवायला सांगा, कारण आपल्या पेशंटबद्दलचा तो संवाद आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसावा याचं मला खरोखर वाईट वाटतं.